रात्रपाळीचे दांडेकर

दिसायला बेतास बात. तळहाताएवढे दोन बूट, पुढून उघडे, म्हणजे बाळाची बोटं बाहेर डोकावतात. दोन्ही बुटांच्या तळव्यांना जोडणारी एक आडवी दांडी, लांबीला बाळाच्या दोन खांद्यांइतकी. कागदोपत्री नाव ‘फूट अ‍ॅबडक्शन ब्रेस’. जुने डॉक्टर ‘डेनिस ब्राऊन’ म्हणतात, घाईत असलेले ‘डी.बी.’, आणि आया नुसतं ‘बूट’. ओळखीतल्या एका घरी यांना ‘दांडेकर’ म्हणत. मला ते नाव इतकं पटलं की तेव्हापासून मी दुसरं वापरलेलं नाही.

दांडेकरांचे बूट सरळ समोर बघत नाहीत. ज्या पायाला दोष, त्याचा बूट साठ-सत्तर अंश बाहेर वळवलेला. दुसरा पाय चांगला असेल तर त्याचा तीस-चाळीस. रिकामे कपाटावर ठेवले की भांडून तोंडं फिरवून बसलेल्या जावांसारखे दिसतात. मधे दांडी नसती तर कधीच वेगळं बिऱ्हाड केलं असतं.

यांचं काम काय, ते सांगतो. साधारण हजारात एक मूल असं जन्मतं की त्याचं पाऊल आत वळलेलं आणि टाच वर ओढलेली असते. डॉक्टर त्याला क्लबफूट म्हणतात. मुलग्यांत हे मुलींच्या दुप्पट, आणि निम्म्या मुलांचे दोन्ही पाय तसे. असं मूल घरात आलं की पहिला खटला सुनेवर भरतो. ग्रहण पाळलं नसेल, ग्रहणात पायावर पाय टाकून बसली असेल, वगैरे. बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडत नाही, आणि ग्रहण तर नाहीच नाही. दांडेकर या खटल्यात पडत नाहीत. त्यांना पाऊल कुठे जातंय तेवढंच बघायचं असतं.

खरं म्हणजे पाऊल सरळ करण्याचं श्रेय त्यांचं नाही. ते काम प्लास्टरचं. दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू थोडं वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच-सहा आठवड्यांत पाऊल जागेवर येतं. बहुतेकांची टाचेमागची ताणलेली शीर शेवटी एवढ्याशा छेदातून कापून मोकळी करतात आणि तीन आठवड्यांचं अखेरचं प्लास्टर घालतात. ते सुटलं की दांडेकरांना बोलावणं. लग्न दुसऱ्यांनी लावायचं आणि संसार यांनी सांभाळायचा, असला प्रकार.

ही पद्धत इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरांची. १९१४ मध्ये मिनोर्का बेटावर जन्म, वडील घड्याळजी. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची हाडं सांधली, मग मेक्सिको, मग अमेरिकेत आयोवा. तान्ह्या पावलाला कापाकापीपेक्षा हलका हात बरा, हे ते पन्नासच्या दशकापासून सांगत होते; शल्यविशारदांच्या जगाला ते नीट ऐकू यायला नव्वदचं दशक संपत आलं. २००९ मध्ये वारले, तोवर जगभर त्यांचीच पद्धत चालू झाली होती. घड्याळजीच्या घरातली सवय असावी: थोडं थोडं, रोजच्या रोज, आणि घाई नाही. दांडेकरांना हे मालक मानवले.

नोकरीची कलमं मात्र कडक. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. उरलेला एक तास बाळाच्या आंघोळीचा. त्यानंतर रात्रपाळी: रात्रीचे बारा तास आणि दुपारच्या झोपेचे दोन-चार. हे मूल चार वर्षांचं होईपर्यंत, कुठे त्याहून थोडं जास्त. दिवाळी, जत्रा, मामाचं लग्न, कशाचीच सुट्टी नाही. आणि पहिल्या दोन रात्री अख्खं घर यांना शिव्या घालत जागं असतं, हेही नोकरीतच धरलेलं.

बाळाची तक्रार साधी आहे. आजवर एकेक पाय झाडता येत होता, आता एक हलवला की दुसरा आडवा येतो. यावर आयांना शिकवलेली युक्ती म्हणजे दांडी हातात धरायची आणि दोन्ही गुडघे एकदम दुमडायचे, एकदम सरळ करायचे, खेळल्यासारखं. दोन-तीन दिवसांत बाळाला कळतं की पाय जोडीनेच उडवायचे. मग ते असं काही उडवतं की दांडी पाळण्याच्या लाकडावर ठक्कन बसते. रात्री तीन वाजता ठक्. खालच्या मजल्यावरचे विचारतात, कुटायला काय घेतलंत? शेवटी दांडीला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळतात. दांडेकरांच्या अंगावर चढलेलं हे पहिलं वस्त्र.

आता त्यांचा खरा स्वभाव. दांडेकरांना दया सोसत नाही.

मध्यरात्री बाळ कुरकुरतं. आजीचा जीव राहत नाही. “जरा मोकळं करते गं, रुततंय त्याला,” म्हणून ती पट्टा एक भोक सैल करते, नाडी ढिली करते. सकाळी टाचेवर फोड. “बघ, मी म्हणत नव्हते!” म्हणून आजी ब्रेस काढूनच ठेवते. वास्तविक फोड येतो तो सैल केल्यामुळेच. घट्ट बुटात टाच खाली बसून राहते. सैल बुटात ती वर-खाली घासते, आणि घासलं की फोड. थोडी लाली चालते. लालभडक डाग मात्र बहुधा बूट नीट आवळला नाही एवढंच सांगतो. त्यावर तेल-मलम चोळलं तर काम आणखी बिघडतं. काही ब्रेसना टाचेपाशी एक भोक ठेवलेलं असतं, टाच खाली टेकली की नाही ते बघायला. दांडेकरांचा डोळाच तो. सगळं घर झोपलं तरी तो टाचेवर असतो.

आणि रागावले तरी बोलत नाहीत. पाऊल सरळ दिसतंय, मूल धावतंय, मग कशाला रोजची कटकट, असं म्हणून कितीतरी घरांत यांना दुसऱ्या वर्षीच माळ्यावर टाकतात. पाऊल हळूच पुन्हा आत वळायला लागतं. गेलेला दोष परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, ब्रेस सोडणं. मग पुन्हा प्लास्टर, पुन्हा रांग. माळ्यावरून काढलेले दांडेकर तोवर लहान झालेले असतात, म्हणजे मूल मोठं झालेलं असतं, पण ते आपल्याकडे बघून “आता आठवण झाली?” असंच म्हणत असल्याचा भास होतो.

घरात यांचं कुणाशी फारसं जमत नाही. पहिलं वैर वाळ्यांशी. बारशाला आत्याने आणलेले चांदीचे वाळे आधी प्लास्टरमुळे आणि मग यांच्यामुळे डब्यातच काळे पडतात. साडीच्या झोळीशीही बेबनाव. बाळ आत मावतं, दांडी मावत नाही, टोकं दोन्हीकडून बाहेर. कडेवर घ्यावं तर एक पाय पुढे एक मागे करता येत नाही, म्हणून खांद्यावर घ्यायचं आणि दांडीने बरगडी मोजून घ्यायची. एसटीत शेजारची बाई हमखास विचारते, “पडलं का हो बाळ?”

यांचे नातेवाईक बरेच. डेनिस ब्राऊन हे लंडनमधले मुलांचे सर्जन. त्यांनी १९३०च्या दशकात बूट-दांडीची ही जोडी वापरात आणली, तेच घराण्याचं नाव. अमेरिकेत एक शाखा मऊ सँडलवाली, महागडी. युगांडात मिखील स्टीनबीक यांनी साधं चामडं, लाकडी तळवा आणि लोखंड यांतून स्वस्त शाखा काढली, आणि आपल्याकडच्या दवाखान्यांत दिसतात ते बरेचसे त्या गरीब शाखेतले. थोरले कॅलिपरकाका: मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी सळया, चामड्याचे पट्टे, बसताना गुडघ्याचं कुलूप खट्कन सोडायचं. पोलिओच्या दोन-तीन पिढ्या काकांनी शाळेत पोचवल्या. भारतात १३ जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा नवा रुग्ण नाही, तेव्हा काका जवळपास निवृत्त. आणि घराण्यातले प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे जयपूर फूट, हा कृत्रिम पाय. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास घडवला. नर्तकी सुधा चंद्रन त्यावर नाचल्या, सिनेमा निघाला. दांडेकरांवर सिनेमा निघणार नाही. झोपलेल्या मुलाच्या पायात कॅमेरा लावून दाखवणार काय?

सरकारदरबारी मात्र थोडी वट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमध्ये सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये क्लबफूट आहे. आशाताईने तान्ह्याचं पाऊल पाहिलं, पुढे पाठवलं, तर उपचाराला पैसे पडत नाहीत. पैसे नाही पडले तरी फेऱ्या पडतात, रोजंदारी बुडते, आणि ती गोष्ट कुठल्याच यादीत नाही.

दोन वर्षांचं झालं की मूल गनिमी काव्यावर येतं. नाडी सोडायला शिकतं. आई मग गाठ मागच्या बाजूला बांधते, वरून बाबांचा मोजा चढवते. दांडेकर मोज्यातून मुकाट ड्यूटी करतात. पण जिथे रोजचा नेम मोडलेला नसतो तिथे एक वेगळंच दृश्य दिसतं. जेवण झालं, दात घासले, की पोरगं स्वतःच कपाटाखालून दांडी ओढत आणतं, फरशीवर खरडण्याचा आवाज करत, आणि आईसमोर पाय पसरून बसतं. एका मुलीने आधी बाहुलीचे पाय त्यात घालायचा हट्ट धरला होता. बाहुलीला ते ढगळ झाले. दांडेकरांनी आयुष्यात तेवढाच सैलपणा खपवून घेतला असेल.

ज्याच्यासाठी हजारावर रात्री काढल्या त्या मुलाला पुढे यांचा चेहराही आठवत नाही. आठवतो तो आईला, आणि खालच्या मजल्यावरच्यांना. एकाच पायाला दोष असेल तर ते पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा आखूड आणि पोटरी बारीक राहते. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना माप मोठ्या पायाचं घेतात आणि दुसऱ्या बुटात पुढे थोडा कापूस घालतात.