घुग्घुसची रात्र आणि हळू आवाजातलं संगीत

मैत्रिणींनो, हवापालटाला घुग्घुसला जा, असं मी तुम्हांला मुळीच सांगणार नाही. चंद्रपूरहून निघालेली एसटी पडोलीवरून वणीच्या रस्त्याला लागली, की कोळशाच्या ट्रकांची रांग सुरू होते आणि खिडकीजवळ बसलेल्या बाईचा पांढरा रुमाल गाव येईपर्यंत काळा होतो. एका अंगाला वर्धा नदी, तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. अलीकडे कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा कारखाना. कपडे वाळत घालायचे ते वाऱ्याची दिशा पाहून आणि फरशी पुसायची ती दिवसातून दोनदा, हा इथल्या गृहिणीचा नेम!

माझी थोरली बहीण लग्न होऊन इथे आली. भाऊजींची नोकरी पाळ्यांची. आठवडाभर रातपाळी असली, की ताईच्या घरात दिवसा कुणी भांडंसुद्धा आपटत नाही. मी दरवर्षी जाते ती दिवाळीनंतर, थंडीत. पण २०२२ सालच्या थंडीत गेले, तेव्हा ताईचा चेहरा पाहूनच चरकले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "अगं, झोपतेस की नाही?" म्हटलं, तर म्हणाली, "कूलर बंद झाला आणि माझी झोपही गेली बाई."

याचा उलगडा मला रात्री झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना बिऱ्हाडं हलवावी लागली. ताईचं घर त्या वॉर्डात नाही. पण भीतीला कुठे वॉर्डाची हद्द कळते? पावसाळा सरेपर्यंत कूलरच्या घरघरीत तिला काही ऐकू येत नव्हतं. थंडीत तो बंद झाला आणि रातपाळीच्या दिवसांत ही बाई एकटी जागी राहून जमिनीचा कानोसा घेऊ लागली. दूर कुठे काही धडधडलं, की उठून बसायची.

माझी भाची नागपूरला होस्टेलवर असते. सुट्टीत आलेली होती. आईला झोप लागावी म्हणून तिने मोबाइलवर एक संगीत लावलं. त्याला म्हणतात डाउनटेंपो, म्हणजे संथ लयीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. नाचाच्या अशा संगीतात मिनिटाला एकशेवीसच्या वर ठोके असतात. यात साधारण नव्वद ते एकशेदहा, कधी त्याहूनही कमी. शब्द जवळजवळ नाहीतच. निरनिराळ्या कलावंतांच्या रचना निवडून एकापाठोपाठ एक गुंफलेल्या असतात. आपल्या आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायची ना, तसंच. फक्त मध्ये निवेदन नाही.

भाचीने मला त्याची कुळकथाही सांगितली. भूमध्य समुद्रात स्पेनचं इबिझा नावाचं बेट आहे. तिथे १९८० साली 'कॅफे देल मार' नावाचं उपाहारगृह सुरू झालं. होसे पादिया नावाचा गृहस्थ तिथे मावळतीच्या वेळी शोभेल असं संगीत निवडून लावायचा. लोक समुद्राकडे तोंड करून बसायचे. त्याच्या निवडीचं पहिलं संकलन १९९४ साली निघालं आणि मग अशा संकलनांची जगभर लाटच आली. आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? सूर्यास्ताला मारवा, पहाटे भैरव हे आपल्याकडे किती जुनं! अगदी खरं. न्यूयॉर्कला वाढलेल्या कर्ष काळे याने तर तबलाच या संगीतात आणला. त्याचा 'रियलाइज' २००१ सालचा. आडनाव ऐकून ताई एवढ्या काळजीतही हसली. "काळे म्हंजे आपलेच की!"

पण पहिल्या रात्री गंमत बिघडली. भाचीने आवाज चांगला मोठा ठेवला, बाहेरचं काही ऐकूच येऊ नये म्हणून. दहा मिनिटांत ताईने ते बंद केलं. "अवं, आवाज झाकला म्हंजे खालची जमीन भरून येते का? काही झालं तर मला कळायचं कसं?"

मला तिचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी भाचीनेच एक गोष्ट काढली. ब्रायन ईनो नावाचा इंग्रज संगीतकार १९७५ साली अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. मैत्रिणीने हार्प या तंतुवाद्याची तबकडी लावून दिली आणि ती गेली. आवाज फारच लहान होता, उठून वाढवायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, की संगीत असंही ऐकता येतं; पावसाबरोबर, खोलीतल्या इतर आवाजांबरोबर. पुढे १९७८ साली त्याने विमानतळासाठी म्हणून संथ संगीताची तबकडीच काढली.

त्या रात्री आम्ही आवाज इतका लहान ठेवला, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. आम्ही तिघी गोधड्या घेऊन पडलो. आणि काय झालं, ठाऊक आहे? ताई एकेक आवाज ओळखायला लागली. "ही मालगाडी. हा भरलेला ट्रक, रिकामा असला तर खडखडतो. ही शेजारची पाण्याची मोटर." इतके दिवस सगळ्यांची मिळून एकच भीती झाली होती, आता प्रत्येकाला नाव मिळालं. तासाभराचं संकलन संपायच्या आतच तिचा श्वास संथ झाला.

संगीताने जमीन भरून येत नाही, हे ताईचं म्हणणं आजही खरंच आहे. म्हणून भाऊजींनी दुसरंही काम केलं. भिंतीच्या तड्यांच्या टोकांना पेन्सिलीने खुणा करून शेजारी तारखा लिहिल्या. तडा खुणेपुढे गेला, तर लगेच कळवायचं. दोन्ही हवंच, खूण भिंतीवर आणि स्वस्थता मनाला.

तुम्हांला करून पाहायचं असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. कानात बोंडं घालून झोपू नका. मूल रडलं किंवा दार वाजलं तर ऐकू आलं पाहिजे. दिवसा हेडफोन लावलाच, तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. मोबाइल उशीखाली नको, खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. आणि संगीत आपोआप थांबेल अशी वेळ लावून ठेवा.

परवा फोनवर ताईला विचारलं, "अजून लावतेस का गं ते?" म्हणाली, "लावते ना. पण शेवट कसा आहे, ते अजून ऐकलंच नाही बाई!"