खर्ज आणि सैल तार

आमच्या घरी संध्याकाळी सात ते आठ ही वेळ चिरंजीवांच्या बास गिटारची असते. मराठी साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आम्हा दोघांना या वाद्याचे ज्ञान शून्य. मत मात्र भरपूर होते. एवढ्या खालच्या पट्टीत संगीत नसते, नुसती घरघर असते, हे ते मत. त्याचे पुढे काय झाले, त्याची ही हकिगत.

गेल्या पावसाळ्यात चिरंजीवांच्या मंडळींनी आपली गाणी 'ड्रॉप सी'मध्ये बसवायची ठरवली. चार तारांचे बास गिटार एरवी ई, ए, डी, जी या स्वरांत लावतात. 'ड्रॉप सी'मध्ये चारही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवायच्या आणि सर्वांत जाड तार त्याहूनही एक स्वर खाली न्यायची. गिटारवाल्याला त्यामुळे खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवे टेकवून भारदस्त स्वरसंगती काढता येते. बासच्या जाड तारेची कंपने मात्र सेकंदाला ४१.२ वरून ३२.७ वर येतात.

स्वर खाली गेला, पण भार काही येईना. मग त्याने ॲम्प्लिफायरचे 'बास' लिहिलेले बटण शेवटपर्यंत फिरवले. मांडणीवरची भांडी थरथरली, शेजाऱ्यांनी दार वाजवले. स्वर तेवढा ऐकू आला नाही. "पुरे झाली ही घरघर," असे आम्ही सुनावले. त्याने वाद्य पिशवीत घातले. तीन आठवडे सात ते आठ घरात शांतता होती, आणि जेवताना आमच्याशी बोलणेही जेवढ्यास तेवढे.

ही कोंडी माईंनी, म्हणजे त्याच्या आजीने, फोडली. माईंनी ऐंशी ओलांडली आहे. तरुणपणी त्या मिरजेत गाणे शिकल्या. आता ऐकू कमी येते. एके दिवशी त्यांनी वाद्य बाहेर काढायला लावले, जाड तार छेडली, बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, तार सैल आहे. तंबोऱ्याचा खर्ज काय जोडीची तार ढिली करून लावतात? त्याला पितळेची जाड तार लागते."

दुखणे नेमके तेच होते. लांबी आणि जाडी तीच ठेवून तार उतरवली, की ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१.२ वरून ३२.७ वर येताना सुमारे ३७ टक्के ताण निघून जातो. अशी तार जोराने छेडली, की स्वर आधी चढतो, मग खाली घसरतो. तार पडद्यांवर आपटते आणि नादाऐवजी खडखड उरते. यावर उपाय जाड तारेचा. इंचाच्या १०५ सहस्रांशांऐवजी १३० सहस्रांशांची तार घातली, तर गेलेला ताण बहुतेक सगळा परत येतो. मात्र जाड तारेसाठी नटमधली खाच रुंद करावी लागते, मानेतल्या लोखंडी दांडीचा पीळ पाहावा लागतो आणि ब्रिजवरची लांबी पुन्हा जुळवावी लागते. हे सारे त्याने एका दुरुस्तीवाल्याकडून करून घेतले.

सैल तारेचा हा सोस आला कुठून, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. दुखऱ्या बोटांना सैल तारा सोसतात. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मधल्या काही गाण्यांत 'ब्लॅक सॅबथ'ने सर्वच तारा दीड स्वर उतरवल्या आणि गीझर बटलरचे बासही सोबत खाली गेले. आम्ही ज्याला उर्मटपणा समजत होतो, त्याच्या मुळाशी एक जायबंदी हात होता.

उरलेले काम कानाचे. ३२.७ कंपनांचा मूळ स्वर लहान स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. तरीही तो आपल्याला ऐकू येतो, कारण ६५, ९८, १३१ असे त्याचे उपस्वर कानी पडले, की मूळ स्वर मेंदू स्वतःच उभा करतो. म्हणून 'बास'चे बटण फिरवून गढूळपणा तेवढा वाढतो. चिरंजीवांनी तिशीखालची निरुपयोगी कंपने गाळली, दोनशे-तीनशेच्या आसपासचा भाग थोडा कमी केला, सातशे ते हजारचा किंचित उचलला आणि छेडणारी बोटे ब्रिजकडे सरकवली. गिटारवाल्यालाही आपला खालचा भाग कमी करायला सांगितले. दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला, तर दोघेही बुडतात.

माईंना यात नवल वाटले नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी खुलवतात, तीही उपस्वर जागे करण्यासाठीच. तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे उपस्वर किती समृद्ध होतात, याविषयी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली लिहिले होते. आम्ही भारदस्त शैलीवर वर्षानुवर्षे व्याख्याने दिली; पण भार वाढवण्यासाठी खालचे सोडून वरचे उघडावे लागते, हे आम्हाला कधी सुचले नव्हते.

चिरंजीवांपाशी चूक कबूल करायला आम्हाला आणखी एक आठवडा लागला. तो फक्त "असू दे" म्हणाला. आता सात वाजले, की माई खुर्ची त्याच्या खोलीच्या दाराशी ओढून घेतात. परवा त्याने खालचा सी छेडला आणि तो बराच वेळ खोलीत राहिला. माईंनी डोळे मिटले, आणि त्यावर हलकेच आपला षड्ज लावला.