मामांची राजदूत

मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारसायकलवर लिहावे, हे आमच्या काही गुरुजनांना रुचणार नाही. पण सूर लागणे म्हणजे काय, हे मला मामांच्या परसात समजले, त्याला माझा इलाज नाही.

मामांची गाडी राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. पेट्रोल इतके पिई की मध्यमवर्गाने तिला दुरूनच नमस्कार केला, आणि काही वर्षांत ती बंदही पडली. मामांनी मात्र ती सोडली नाही. उलट मूळचा एअर-बॉक्स काढून दोन सुटे फिल्टर बसवले आणि मागे फुगीर पोटाचे रेसिंगचे सायलेन्सर. मामींच्या मते घरात त्या दिवशी सवत आली.

खरी कटकट इथूनच सुरू होते. हवा मोकळी झाली की पूर्वीचे पेट्रोल अपुरे पडते. असे इंजिन आधी मोठे तरतरीत वाटते. पण आत उष्णता चढत असते, आणि भरधाव असताना पिस्टनने सिलिंडर धरला तर मागचे चाक जागीच अडते. पुढचे सांगायला नको. म्हणून मेन जेट मोठा घालायचा. पण त्याचे राज्य थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावर. मधल्या पट्ट्यात सुईचा अंमल, आणि अगदी सुरुवातीला पायलट जेट व हवेच्या स्क्रूचा. सुईवरची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर चढते, पेट्रोल वाढते. मग प्लग काढून बघायचा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काळा-ओला असेल तर जादा. तपकिरी दिसला की मामा सुपारी तोंडात टाकतात.

हे सगळे दोनदा, कारण कार्बोरेटर दोन. शिवाय दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक केसभर आधी उठली तरी इंजिन लंगडते. फिल्टर काढून आत बोट घालून अंदाज येतो, केबलचे नट फिरवून फरक मिटवता येतो. पण शेवटचा निवाडा कानाचा.

आणि मामांचे कान गेलेत. फौंड्रीत तीस वर्षे काढली. ढोलासारखे आवाज तेवढे पोचतात, बारीक काही नाही. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्या रविवारी मात्र मला गाडीशेजारी पाटावर बसवले आणि म्हणाले, "काय ऐकू यायलंय, सांग."

"मामा, डावीकडचा जरा मागं राहतोय."

त्यांनी लगेच मान्य केले नाही. मागे जाऊन उकिडवे बसले, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांपुढे एकेक तळहात धरला आणि डोळे मिटले. धुराचे फटके हातावर मोजत असावेत. बराच वेळ गेला. मग उठून डाव्या केबलचा नट पाव आटा फिरवला.

"आता?"

आता दोन्ही एकात एक मिसळले होते. मी मान हलवली. मेन जेटची परीक्षा अजून राहिली आहे. त्यासाठी येत्या रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला जायचे. मागे बसायचे, आणि ऐकायचे, असे मला बजावले आहे.