निफाडची थंडी, विनिपेगचा हिवाळा

येत्या वर्षी मी निफाड सोडून कॅनडातल्या विनिपेगला मुलीकडे कायमची राहायला जाणार आहे. हे कळल्यापासून भेटणारा प्रत्येक जण आधी थंडीचं विचारतो. "तिथं कसं निभेल तुमचं?" गेल्या जानेवारीत मी तिथे राहून आले. तेव्हापासून दोन्हीकडचे हिवाळे मनात शेजारी शेजारी नांदताहेत.

निफाडकरांना आपल्या थंडीचा अभिमान आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरला, की जिल्हाभर बातमी होते. गहू-हरभरा या गारठ्यावर पोसतो. द्राक्षबागायतदाराच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण मणी फुगत असताना पारा घसरला तर ते तडकतात. मग भल्या पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात, विहिरीचं कोमट पाणी वेलींच्या मुळाशी सोडलं जातं. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि गोदाकाठचा सखल भाग गारठून जातो. पण त्याच निरभ्र आभाळातून सकाळी लख्ख ऊन ओट्यावर उतरतं. अंगणात निवडणं-टिपणं चालतं, शेताच्या बांधावर हरभऱ्याचा हुळा भाजला जातो, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा पानात येतो. आमचा हिवाळा दाराबाहेर जगायचा ऋतू आहे. घरात त्याची काहीच तजवीज नसते. दाराला फटी, पायाखाली थंडगार शहाबादी फरशी, आणि भिस्त सगळी दुसऱ्या दिवशीच्या उन्हावर.

विनिपेगलाही हिवाळ्यात आभाळ बहुधा निळंभोर असतं, याचं मला फार नवल वाटलं. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसवत नाही, पण ते अंगाला लागत नाही. जानेवारीत सरासरी तापमान उणे सोळा अंशांच्या आसपास राहतं. २४ डिसेंबर १८७९ रोजी तिथे उणे ४७.८ अंशांची नोंद झाली होती. डिसेंबरअखेरीस निफाडला दिवस अकरा तासांचा, तर तिथे जेमतेम आठ तासांचा. कडाक्याच्या सकाळी हवेत तरंगणाऱ्या हिमकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन तेजस्वी ठिपके उमटतात. तीन सूर्य एकदम उगवल्यासारखं वाटतं. पायाखालचा बर्फ करकरतो, आणि वारा असला तर उघडी कातडी काही मिनिटांत गोठू शकते.

तरीही त्या शहरात मला थंडीची भीती वाटली नाही. घराच्या भिंती जाड, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा, तळघरात अखंड चालणारी भट्टी. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री तिलासुद्धा विजेची वायर जोडून ठेवतात. शहराच्या मध्यभागी एका इमारतीतून दुसरीत जायला बंदिस्त पूल आहेत. एवढी सोय केल्यावरच तिथली माणसं गोठलेल्या नदीवर लेकरांना घेऊन स्केटिंगला उतरतात, हसतखेळत फिरतात. परतायला उबदार घर आहे, याची खात्री असली की थंडीशी मैत्री करता येते. ज्यांना ते घर नाही, त्यांना तिथेही हिवाळा सोडत नाही. बसथांब्याच्या काचेच्या खोपटात रात्र काढणारी माणसं मी त्याच शहरात पाहिली.

तिथून परतले आणि गोदाकाठच्या उसाच्या फडाजवळ उतरलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्यांकडे नव्याने पाहिलं. पाचट आणि प्लास्टिकचा कागद, एवढाच आडोसा. जमिनीवर अंथरूण, त्यात तान्ही पोरं. बायका पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापतात आणि दवाने भिजलेल्या फडात कोयता घेऊन शिरतात. इतकी वर्षं मी या कोप्यांवरून जात-येत होते आणि आमच्या गुलाबी थंडीचं कौतुक करत होते. पण आठ अंशांतली कोपी ही उणे पंचवीस अंशांतल्या विनिपेगच्या घरापेक्षा कितीतरी जास्त थंड असते.

म्हणून आता "तिथं कसं निभेल?" असं कुणी विचारलं, की मी सांगते, माझं निभेल. थंडी किती कठोर आहे हे पारा सांगत नाही, माणसाच्या डोक्यावरचं छप्पर सांगतं. या हंगामात तुमच्या गावाशेजारी तोडणी कामगारांची टोळी उतरली असेल, तर घरातली एक जाड गोधडी आणि एक धड ताडपत्री तिथे पोचवा. साखर कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत तोडणी कामगारांच्या पक्क्या निवाऱ्याचा विषय मांडा आणि तो तडीस जाईपर्यंत सोडू नका.