बारला बांधलेले पट्टे

आमच्या मनीषनगरात माझी लेक जिमला जाते, खांद्यावर बार घेऊन बैठका मारते. "मुलीच्या जातीला एवढं वजन कशाला?" हा खालाजानचा सवाल. त्यात हल्ली ती बारच्या दोन्ही टोकांना रबरी पट्टे लावते, खाली रॅकला अडकवून. मी कारण विचारलं.

"अम्मी, बैठकीत खालून उठणं सर्वांत जड. वर येताना सोपं होतं, मग माणूस जोर सोडतो. पट्टा मात्र वर येताना ताणत जातो. समज, खाली ४० किलोचा बार उभं राहीपर्यंत ५० चा होतो. शेवटपर्यंत जोर लावावाच लागतो."

पॉवरलिफ्टिंगमध्ये ही पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकेतले प्रशिक्षक लुई सिमन्स यांनी. नियम कडक आहेत. आधी नुसत्या बारवर बैठक पक्की करायची, मगच पट्टे, तेही पातळ. चिरलेला पट्टा बाद. बार अडवणाऱ्या आडव्या दांड्या लावल्याशिवाय सुरुवात नाही.

खालाजान आता चटईवरून उठताना भिंत धरतात. मांड्यांची, हाडांची ताकद तरुणपणी साठवलेली बरी. उतारवयात ती मिळवायला फार कष्ट पडतात. लेकीला मी थांबवणार नाही. फक्त शिकवणारं माणूस जाणकार आहे ना, एवढं स्वतः जाऊन पाहिलं. भगिनींनो, तुम्हीही पाहा.