फांदीला फांदी

चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीत, सेक्टर 67 मध्ये मी राहतो. इथली झाडं रांगेत वाढलेली, आणि त्यांच्यावर पाच पट्ट्यांची खार मजेत नांदते. तिला कुंपणाची भिंत चालते, विजेची तार चालते, गच्चीवर सांडलेले दाणेही चालतात. तिच्याकडे बघताना मला भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू, म्हणजे तिथली मोठी खार, आठवतं आणि काळजी वाटते. कारण त्याला यातलं काहीच चालत नाही.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याचे रस्ते उंचावर, फांदीला फांदी भिडते तिथे असतात. बारीक फांद्यांवर ते एकाहून अधिक गोल घरटी बांधतं, म्हणजे शिकाऱ्याचा भार तिथे पेलत नाही. फळं, बिया, कोवळी पानं, साल असं ऋतूप्रमाणे बदलतं खाणं त्याला लागतं. म्हणून मधली चार झाडं गेली, तर आपल्याला जंगल तेवढंच दिसतं. शेकरूची वाट मात्र तुटलेली असते.

लाकडासाठी राखलेल्या जंगलात विरळणी होते, वेलतोड होते, वाकडी आणि पोकळ झाडं काढली जातात. इमारती लाकडाच्या हिशेबाने हे शहाणपणाचंच. पण वेल हा छोट्या प्राण्यांचा पूल असतो, ढोली हे उडत्या खारीचं घर असतं आणि कुजता ओंडका हा उंदीर-चिचुंद्रीचा आसरा असतो. याउलट देवराईत वाळकी काडीही उचलायची नाही, हा जुन्या लोकांचा नियम होता. देवाच्या धाकाने म्हातारी झाडं उभी राहिली आणि त्यांच्या आधाराने कितीतरी जीव तगले.

माणसाचा हात जंगलाला लागूच नये, असं मी म्हणणार नाही. इथून जवळच सुखोमाजरी गाव आहे. तिथल्या टेकड्यांवरून येणाऱ्या गाळाने चंदीगडचा सुखना तलाव भरू लागला, तेव्हा 1970च्या दशकात तिथल्या गावकऱ्यांनी गुरं मोकाट सोडणं थांबवलं. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांत वाटून घेतलं आणि शिवालिकच्या उघड्या टेकड्या पुन्हा गवता-झाडांनी भरल्या. तो माणसांनीच घेतलेला निर्णय होता.

भीमाशंकरला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. हा मान खरा करायचा, तर अभयारण्याच्या हद्दीबाहेरही कुऱ्हाड चालवण्याआधी वर बघायला हवं. ढोलीचं झाड राखावं, वेल राहू द्यावा, एकाच जातीच्या रोपवनात उंबर-जांभळाला जागा ठेवावी. किती रोपं लावली याच्या आकड्याशेजारी आणखी एक प्रश्न लिहावा: या झाडावरून त्या झाडावर जाता येतं का?