जागच्या जागी फिरणारी गलबते

समुद्राच्या कथांत मान असतो तो दूर जाणाऱ्या जहाजांचा. कोलंबसाची आणि वास्को द गामाची जहाजे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण ज्यांनी आयुष्यभर परक्या जहाजांना सुखरूप बंदरात आणून सोडले आणि स्वतः मात्र कधी कुठे गेली नाहीत, अशा गलबतांची आठवण कोण ठेवतो? हॉलंडच्या किनाऱ्यावरची वाटाड्यांची, म्हणजे पायलट लोकांची, लाकडी शिडाची गलबते ही त्यांपैकीच.

कोकण पाहिलेल्या माणसाला हॉलंडच्या किनाऱ्याचे नवल वाटते ते त्याच्या सपाटपणामुळे. रत्नागिरीकडे येणाऱ्या तांडेलाला दुरूनच डोंगर दिसतो, किल्ला दिसतो. इथे समुद्र कुठे संपला आणि जमीन कुठे सुरू झाली तेच उमगत नाही. त्यातून पाण्याखाली वाळूचे लांबलचक पट्टे. भरती-ओहोटी आणि वादळे त्यांना सारखी इकडून तिकडे सरकवीत असतात, त्यामुळे कालचा नकाशा आज दगा देतो. टेक्सल बेटाजवळ, मास नदीच्या मुखाशी, शेल्डच्या मुखाशी, सगळीकडे हीच तऱ्हा. परक्या कप्तानाला तिथे शिरायचे तर वाटाड्या हवाच.

वाटाड्याला डच भाषेत 'लोट्स' म्हणतात आणि शिशाला 'लोट'. दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मापणारा तो लोट्स, असे कुणालाही सहज वाटावे. पण शब्दाचे मूळ शिशात नाही. जुन्या इंग्रजीतल्या 'वाट' या अर्थाच्या शब्दातून तो आला आहे. तेव्हा आपला 'वाटाड्या' आणि त्यांचा 'लोट्स' हे अर्थाने सख्खे भाऊच! मी पडलो भाषेचा मास्तर, मला या गोष्टीचा विशेष आनंद झाला.

सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला ज्यांनी वखार घातली त्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे टेक्सलजवळ नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट पाहत. तिथून त्यांना मोकळ्या समुद्रात काढून देणारे हे वाटाडेच. पुढे एकोणिसाव्या शतकात या कामी दोन डोलकाठ्यांची स्कूनर गलबते आली, आणि मला सांगायचे आहे ते त्यांच्याविषयी.

स्कूनरवर एका वेळी अनेक वाटाडे असत. किनाऱ्यापासून दूर, ठरलेल्या जागी ती दिवसेंदिवस येरझारा घाली. इतर जहाजे वादळ दिसताच बंदर गाठीत. हिला ती मुभा नव्हती. वादळात सापडलेल्या जहाजाला वाटाड्याची गरज सर्वांत जास्त! म्हणूनच तिची बांधणी जाड ओकची, भक्कम. एखादे जहाज निशाण चढवून बोलावू लागले की स्कूनर जवळ जाई आणि एक लहानशी होडी खाली सोडी. दोन खलाशी ती वल्हवीत. जहाजाच्या कुशीला दोरशिडी लोंबत असे. होडी लाटेवर उंच चढली की त्याच क्षणी वाटाड्याने शिडी पकडायची. क्षणभर उशीर झाला तर होडी खाली जाई आणि पुढच्या लाटेबरोबर उसळून त्याच्या पायांवर आदळे. असे एकेक करून वाटाडे निघून गेले की मूठभर खलाशांनी तेवढे मोठे गलबत सांभाळायचे.

हे सारे नीट समजायचे तर व्लिसिंगेनला जावे. इंग्रज त्याला फ्लशिंग म्हणतात. दर्यासारंग डी रॉयटर याच गावचा, १६०७ साली जन्मलेला. गावाला लागूनच खोल पाण्याची वाट आहे. किनाऱ्यावर फिरायला निघावे, तर हाकेच्या अंतरावरून घराएवढी नव्हे, वाड्याएवढी जहाजे जातात. ती निघालेली असतात बेल्जममधल्या अँटवर्पला. नदीचे मुख एका देशात नि बंदर दुसऱ्या देशात! म्हणून १८३९ च्या तहात इथल्या वाटाड्यांच्या कामावर दोन्ही देशांची देखरेख ठरली. आजही दोन्हीकडचे वाटाडे इथे काम करतात.

पुढे वाफेच्या नौका आल्या, मागाहून मोटारीच्या, आणि स्कूनर मोडीत निघाल्या. त्यांतल्या एकीचे नशीब मात्र निराळे. 'वाटाड्या स्कूनर क्रमांक ४' एवढीच तिची ओळख. अमेरिकेच्या अर्विंग जॉन्सन आणि एलेक्टा जॉन्सन या दांपत्याने ती घेतली, तिचे नाव 'यांकी' ठेवले आणि १९३३ साली हौशी तरुण मंडळी बरोबर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. दीड वर्षांत फेरी पुरी झाली. १९४१ पर्यंत अशा तीन प्रदक्षिणा तिने केल्या! जन्मभर एका जागी लाटा सोसलेल्या लाकडाला जगाचे समुद्र जड गेले नाहीत.

तिच्या बहिणींना असे नाव मिळाले नाही, आणि त्यांचे काम आता यंत्रे करतात. बड्या जहाजांवर कधी कधी हेलिकॉप्टरातूनही वाटाडे उतरतात. पण बहुतेक वेळी वेगवान नौका जहाजाला भिडते, कुशीला दोरशिडी लोंबते, आणि लाट वर येण्याची वाट पाहत एक माणूस हात पुढे करून उभा असतो. तेवढे मात्र बदललेले नाही.